एम्बेडेड लिनक्ससाठी हार्डवेअर डिबगर कोणता घ्यावा? (साहेबांना परवडेल असा)

भोसरीचा_बोर्डवाला | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. वाचक जुना आहे, पण धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

आमची सहा जणांची कंपनी. आजवर सगळं काम मायक्रोकंट्रोलरवर. एसटी-लिंक (मायक्रोकंट्रोलरचा डिबगर, म्हणजे चालता प्रोसेसर थांबवून आत डोकावायचं यंत्र) लावायचा, ब्रेकपॉइंट टाकायचा, चूक सापडली की घरी जायचं. आता एका गिऱ्हाइकाला टचस्क्रीन, इथरनेट आणि वेबपेज असं सगळं एकाच डब्यात हवंय, म्हणून पहिल्यांदाच लिनक्सचा बोर्ड केला. बीगलबोन ब्लॅकचं सर्किट सगळ्यांना खुलं आहे, तेच समोर ठेवलं. एएम३३५८ प्रोसेसर, ५१२ एमबी डीडीआर३ रॅम. दहा बोर्ड भरून आले. सातांवर यू-बूट (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, मेमरीत चढवणारा प्रोग्रॅम) येतं, 'स्टार्टिंग कर्नल' एवढी ओळ उमटते आणि पुढे स्मशानशांतता. उरलेले तीन त्याच्याही आधीच मान टाकतात.

साहेबांना म्हटलं, डिबगर घेऊ. ते म्हणाले, "एसटी-लिंक आहे की!" तो इथे का चालत नाही हे समजावण्यात एक दुपार गेली. आता म्हणतात, पर्याय लिहून आण, एकच घेईन, आणि पुढची पाच वर्षं तोंड उघडायचं नाही.

माझी यादी: एफटी२२३२एच चिपचा साधा बोर्ड आणि ओपनओसीडी (फुकटचं डिबगर सॉफ्टवेअर), सेगरचा जे-लिंक, किंवा लाउटरबाखचा ट्रेस३२. पहिला दोन-चार हजारांत बसतो. तिसऱ्याचं कोटेशन आलंय, पण साहेबांना दाखवलेलं नाही. त्यांना बीपी आहे.

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत_नाना | सोमवार, रात्री १०:२०

बीपीवर हसून हसून पुरेवाट. बाकी सगळं डोक्यावरून गेलं. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

तापकीरगल्लीकर | सोमवार, रात्री १०:४१

एफटी२२३२एच. विषय संपला.

बरं, कारण सांगतो. एका चिपवर दोन चॅनेल मिळतात. एकावर जेटॅग (डिबगरने प्रोसेसरमध्ये शिरायचं दार), दुसऱ्यावर सिरीयल कन्सोल (बोर्डाचे संदेश दिसतात तो), टेबलावर एकच यूएसबी केबल. वेग ३० मेगाहर्ट्झपर्यंत नेता येतो, तुमच्या लोंबत्या वायरी तेवढा पेलणार नाहीत ही गोष्ट वेगळी. ओपनओसीडीमध्ये एएम३३५ एक्सची कॉन्फिग फाइल तयार आहे. उरलेल्या पैशांत साहेबांना मिसळ खिलवा.

लाखमोलाचा | सोमवार, रात्री ११:०५

तापकीरभाऊ, मिसळ खाऊन झाल्यावर पंधरा दिवस कॉन्फिग फाइलशी कोण झटणार? इंजिनिअरचा पगार कुणी धरत नाही हिशोबात.

मी हिंजवडीत गाड्यांच्या कंट्रोलरवर काम करतो. रोज ट्रेस३२ वापरतो. लिनक्सची समज त्याच्यात भरलेली आहे. थांबवलं की कुठला टास्क कुठे अडकलाय, कुठलं मॉड्यूल कुठल्या पत्त्यावर चढलंय, पेज टेबल काय म्हणतंय, सगळं खिडक्यांमध्ये हजर. स्क्रिप्ट एकदा लिहिली की नवीन पोरगाही बटण दाबून कर्नलमध्ये शिरतो. ट्रेसचा डबा सोबत असेल तर क्रॅशच्या आधी काय काय घडलं तेही मागे जाऊन बघता येतं. महाग आहे, मान्य. पण एकदा हात बसला की दुसरं काही धरवत नाही.

कर्नलकाकू | सोमवार, रात्री ११:३८

थांबा जरा. नवरदेव कोण ते ठरण्याआधीच हॉल कुठला यावर भांडण सुरू झालंय.

बोर्डवाले भाऊ, आधी हे सांगा. बीगलबोन ब्लॅकवर जेटॅगचं हेडर बसवून येत नाही, नुसते पॅड असतात. तुमच्या लेआउटवाल्याने ते पॅड तरी ठेवलेत का "हे तर रिकामंच असतं" म्हणून उडवलेत? उडवले असतील तर लाखाचा डिबगर घेऊन तो कुठे लावणार, देव्हाऱ्यात?

दुसरं, सातांचा आजार आणि तिघांचा आजार मला वेगळा वाटतोय. सातांसाठी डिबगर लागेल असं मुळीच वाटत नाही. 'स्टार्टिंग कर्नल' नंतरची शांतता म्हणजे कर्नल मेला असं नव्हे. पुष्कळदा तो बडबडत असतो, आपल्यालाच ऐकू येत नाही. अर्लीकॉन (नेहमीचा कन्सोल उठायच्या आधीपासून संदेश छापणारी कर्नलची सोय) चालू करून बघा.

तेही जमलं नाही तर आमची जुनी युक्ती. कर्नलचा लॉग '__लॉग_बफ' नावाच्या जागी मेमरीत साठतो. सिस्टिम.मॅप फाइलमध्ये त्याचा पत्ता मिळेल, 'सी' आणि शून्याने सुरू होणारा. तुमच्या चिपवर डीडीआर हेक्समध्ये ८० पासून सुरू होते, म्हणून त्या सुरुवातीच्या 'सी-शून्य'च्या जागी ८० धरायचं. बोर्ड अडकला की वीज बंद करायची नाही, नुसतं रीसेटचं बटण दाबायचं, यू-बूटमध्ये थांबायचं आणि 'एमडी' कमांडने त्या पत्त्यापासून मेमरी छापायची. उजव्या रकान्यात कर्नलचं बोलणं वाचता येतं. कॅशमध्ये राहिलेली एखादी ओळ गळते, पण अर्थ लागतो.

तिघांबद्दल नंतर. ते नेमक्या कुठल्या ओळीवर थांबतात ते लिहा.

भोसरीचा_बोर्डवाला | मंगळवार, सकाळी ९:१५

काकू, दंडवत! आत्ताच बोर्ड उलटा करून भिंगाखाली पाहिला. पॅड आहेत. दोन रांगा, १.२७ मिलिमीटर पिचच्या. लेआउटवाला म्हणाला, "काढणारच होतो, पण जेवायची सुट्टी झाली."

तीन बोर्डांवर एसपीएलची (यू-बूटच्या आधी चालणारा छोटा टप्पा) ओळ येते, मग 'ट्राइंग टू बूट फ्रॉम एमएमसी१', आणि बास.

प्रिंटके_शरणं | मंगळवार, सकाळी ९:५०

मी विरोधी पक्षात. लिनक्सच्या कर्नलला हार्डवेअर डिबगर लागतो हा गैरसमज मायक्रोकंट्रोलरवाले सोबत घेऊन येतात. लिनक्सच्या जनकाने, खुद्द लिनसने, २००० साली मेलिंग लिस्टवर सांगून टाकलं होतं की आपल्याला डिबगर आवडत नाहीत. जीडीबी (नेहमीचा सॉफ्टवेअर डिबगर) वापरतो, पण तो डिसअसेंबलर म्हणून. केजीडीबी (कर्नलचा स्वतःचा डिबगर) मुख्य कर्नलमध्ये यायला २००८ उजाडलं, २.६.२६ मध्ये. तोवर लोक ड्रायव्हर लिहितच होते ना?

प्रिंटके (कर्नलच्या कोडातून संदेश छापणं), एफट्रेस (कुठलं फंक्शन कधी चाललं याची नोंद), आणि ऊप्सचा (कर्नल कोलमडतानाचा) संदेश नीट वाचायची सवय. ॲप्लिकेशनसाठी जीडीबीसर्व्हर, इथरनेटवरून. चौदा वर्षांत मी जेटॅगची केबल हातात धरलेली नाही.

लाखमोलाचा | मंगळवार, सकाळी १०:०२

चौदा वर्षांत एकदाही नवा बोर्ड पहिल्यांदा उठवला नसेल तुम्ही. दुसऱ्याने उठवलेल्यावर प्रिंटके सगळ्यांनाच सुचतं.

प्रिंटके_शरणं | मंगळवार, सकाळी १०:०९

हे मात्र खरं आहे. मला बोर्ड नेहमी आयता मिळाला.

जुना_खोडरबर | मंगळवार, दुपारी १:३०

पोरांनो, जेटॅग जन्माला आला तो मुळी डिबगिंगसाठी नव्हेच. छापील बोर्डावरचे सांधे नीट जुळलेत का हे खिळ्यांच्या फळीशिवाय तपासता यावं म्हणून १९८५ मध्ये काही कंपन्या एकत्र आल्या, आणि १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक झालं. प्रोसेसरवाल्यांनी नंतर त्याच दारातून डिबगिंग आत शिरवलं.

आमच्या वेळी ८०८५ काढून त्या सॉकेटात इन-सर्किट एम्युलेटरचा पॉड खुपसायचा. सूटकेसएवढं यंत्र, आणि ते अख्ख्या खात्यात एकच. वहीत नाव लिहून पाळी लावायची. पाळी हुकली की ईप्रॉम काढ, अतिनील दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं भाज, पुन्हा लिही, पुन्हा बसव. एका चुकीच्या ओळीची किंमत म्हणजे एक चहा. खिडकीवरचा स्टिकर निघालेला ईप्रॉम कुणीतरी उन्हात ठेवला म्हणून अख्खा विभाग एकमेकांशी बोलत नव्हता.

निवांत_नाना | मंगळवार, दुपारी १:४४

खोडरबरकाका, यावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

इसारकिनारी | मंगळवार, दुपारी ३:२०

अवांतर. मी म्युनिकला असतो. लाउटरबाख इथून जवळच, शहराच्या दक्षिणेच्या अंगाला. आणि ओपनओसीडी सुरू झालं ते इथून तासाभरावरच्या आउग्सबर्गमध्ये, एका विद्यार्थ्याच्या पदवीच्या प्रबंधातून, २००५ च्या सुमारास. म्हणजे या धाग्यावरचं सगळ्यात महाग आणि सगळ्यात फुकट, दोन्ही एकाच गावकीतलं.

मुद्द्याचं बोलतो. जे-लिंक घेणार असाल तर एज्यु आवृत्ती स्वस्त दिसते म्हणून मागवू नका, तिचा परवाना व्यावसायिक कामाला चालत नाही. आणि जे-लिंकचं मोठं हेडर २.५४ पिचचं आहे, तुमचे पॅड १.२७ चे. मधे ॲडॉप्टर लागेल, तोही ऑर्डरमध्ये धरा. नाहीतर कस्टमच्या चकरा दोनदा.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, दुपारी ४:०५

जे-लिंक हजार-बाराशेला मिळतो की हो ऑनलाइन. मी घेतलाय. उगाच कशाला युरोत पैसे मोजता?

तापकीरगल्लीकर | मंगळवार, दुपारी ४:११

शहाणेराव, तो जे-लिंक नव्हे, जे-लिंकचा मेकअप आहे. सॉफ्टवेअर अपडेट करा एकदा.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

केलं. "हा क्लोन आहे" म्हणून खिडकी आली आणि गाडी थांबली. धागाकर्त्याने माझा आधीचा प्रतिसाद वाचला नाही असं समजावं.

सोल्डरसखी | मंगळवार, रात्री ८:४८

कुणी व्होल्टेजचा विषय काढला नाही म्हणून लिहिते, आणि माझंच उदाहरण देते.

जेटॅगच्या कनेक्टरवर व्हीटी-रेफ नावाची एक पिन असते. बोर्ड तिच्यावरून डिबगरला सांगतो, "माझे सिग्नल इतक्या व्होल्टचे आहेत." चांगला डिबगर ती वाचून आपली पातळी जुळवून घेतो. साध्या एफटी२२३२एच बोर्डाला तसलं काही कळत नाही, तो सरळ ३.३ व्होल्ट फेकतो. मी १.८ व्होल्टच्या एका मॉड्यूलला तसा लावला. सुरुवातीला आयडी वाचला गेला म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी आयडीच्या जागी सगळे एक. तिसऱ्या दिवशी प्रोसेसरला बोट लावलं तर चटका. चूक शंभर टक्के माझी, डेटाशीटच्या त्या पानावर मीच चहाचा कप ठेवला होता.

बीगलबोनच्या धर्तीवरचा बोर्ड असेल तर तिथे जेटॅग ३.३ चाच आहे, तुम्ही वाचलात. पण पाच वर्षांसाठी एकच घ्यायचा म्हणताय. पुढचा प्रोसेसर बहुधा १.८ चा निघेल. तेव्हा लेव्हल शिफ्टर असलेलाच घ्या.

दुसरं म्हणजे वायर. वीतभर लांबीच्या सुट्या वायरी असतील तर क्लॉक शंभर किलोहर्ट्झवर आणा, आणि ग्राउंड एकच न देता दोन-तीन ठिकाणी द्या. 'डिबगर खराब निघाला' या तक्रारीमागे बहुतेक वेळा ग्राउंडची वायर असते.

भोसरीचा_बोर्डवाला | बुधवार, रात्री ७:५५

काकू, तुमचे पाय कुठे आहेत?

सातही बोर्ड जिवंत आहेत. पहिल्यापासून होते. '__लॉग_बफ' छापला तर कर्नल अगदी शेवटपर्यंत गेलेला, इथरनेट सापडलंय, रूट फाइलसिस्टिम माउंट झालीय, सगळं. फक्त कन्सोल नव्हता. बूट-आर्ग्युमेंटची ओळ मी एका जुन्या ब्लॉगवरून उचलली होती. तिच्यात सिरीयल पोर्टचं नाव टीटीवाय-ओ-शून्य असं होतं. नव्या कर्नलमध्ये ड्रायव्हर बदललाय, नाव टीटीवाय-एस-शून्य झालंय, आणि जुनं नाव सांभाळून घेणारा पर्याय मी कॉन्फिगमध्ये स्वतःच्या हाताने बंद केला होता, "नको असलेलं काढू" म्हणून.

त्यात गंमत अशी की आधी मला ते दोन शून्य वाटले. पहिला इंग्रजी 'ओ' आहे हे कळायला अर्धा दिवस गेला.

प्रिंटके_शरणं | बुधवार, रात्री ८:०१

म्हणजे डिबगरचा खर्च शून्य. की 'ओ'?

साहेब आता विचारतील, "मग डिबगर कशाला?"

भोसरीचा_बोर्डवाला | बुधवार, रात्री ८:०४

विचारून झालं.

रंकाळ्याचा_विद्यार्थी | बुधवार, रात्री ९:२०

मध्येच विचारतो, रागावू नका. मी कोल्हापुरात शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे रास्पबेरी पाय आहे. त्याच्यावर हे शिकता येईल का? डिबगर घ्यायला पैसे नाहीत.

कर्नलकाकू | बुधवार, रात्री ९:५६

रागवायचं काय त्यात. येईल की. कॉन्फिग.टीएक्सटी मध्ये 'इनेबल_जेटॅग_जीपीआयओ' ही ओळ एक करून ठेव, जीपीआयओ २२ ते २७ वर जेटॅग येतो. मित्राकडे दुसरा पाय असेल तर त्याच्यावर ओपनओसीडी चालव, त्याच्याच पिना हलवून तो डिबगरचं काम करतो. सावकाश चालतो, पण शिकायला पुष्कळ. आणि त्याच्याही आधी क्यूईएमयूमध्ये (संगणकातच नकली बोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कर्नल थांबवलेल्या अवस्थेत सुरू करून जीडीबी जोडायला शीक. तिथे काही जळत नाही.

तीन खड्ड्यांत सगळे पडतात, ते आत्ताच सांगते. कर्नल जिथे चढतो तो पत्ता दर वेळी बदलू नये म्हणून 'नोकेएएसएलआर' दे. सीपीयू-आयडल बंद ठेव, नाहीतर कोअर झोपला की डिबगरला दार बंद. आणि वॉचडॉग बंद कर, कारण तू ब्रेकपॉइंटवर विचार करत बसलास की तो समजतो यंत्र मेलं, आणि रीसेट मारतो. हा खड्डा मी स्वतः दोन आठवडे खणला होता.

आता बोर्डवाले भाऊ, तुमचे तीन. इथे मी लाखमोलांच्या बाजूने आहे, म्हणजे डिबगर हवा या बाजूने, त्यांच्या कोटेशनच्या नव्हे. एसपीएल चिपच्या पोटातल्या छोट्या रॅममधून चालतं, ते बोलतंय. मग ते यू-बूट डीडीआरमध्ये टाकतं आणि तिथे उडी मारतं. उडी मारल्यावर आवाज नाही. म्हणजे खाली जमीनच नाही. इथे प्रिंटके काय करणार? छापणारा कोडच मोडक्या मेमरीत बसलाय. जेटॅगने कोअर थांबवा, डीडीआरमध्ये हाताने लिहा, हाताने वाचा.

लाखमोलाचा | बुधवार, रात्री १०:३०

काकूंना +१. आणि इतक्यासाठी ट्रेस३२ नको, हे मीही मान्य करतो. पण एफटी२२३२एचवाल्यांना एक सूचना. टीआयच्या (तुमच्या एएम३३५८ ची कंपनी) चिपमध्ये जेटॅगच्या दारात आइसपिक नावाचा एक रखवालदार बसलेला असतो. आधी त्याला सांगायचं की मला कोअरकडे जायचंय, मग तो आत सोडतो. ओपनओसीडीच्या तयार फाइलमध्ये ते आहे, स्वतःची फाइल लिहायला जाऊ नका. ईएमयू-शून्य आणि ईएमयू-एक या पिना वर ओढलेल्या आहेत का तेही बघा.

यादीत एक नाव राहिलंय. टीआयचाच एक्सडीएस११०. १.२७ पिचचं २० पिनांचं कनेक्टर सोबतच येतं, तुमच्या पॅडना तेच लागतं. टीआयचं सॉफ्टवेअर, कोड कंपोजर स्टुडिओ, आता फुकट आहे, आणि ओपनओसीडीलाही तो चालतो. दुसऱ्या कंपनीचे प्रोसेसर वापरायचे ठरले तर मात्र जे-लिंक, तो सगळ्यांशी जुळवून घेतो.

तापकीरगल्लीकर | बुधवार, रात्री ११:१०

बोर्डवाले, विकत काही घेऊ नका अजून. माझ्याकडे एफटी२२३२एचचे दोन बोर्ड आहेत. एक घेऊन जा. शनिवारी अकराला पासोड्या विठोबापाशी. ओळख म्हणून हातात मल्टिमीटर ठेवा.

निवांत_नाना | शनिवार, दुपारी १२:००

भेट झाली का? हा धागा आता मालिकेसारखा बघतोय. बायकोही विचारते, त्या तीन बोर्डांचं काय झालं.

भोसरीचा_बोर्डवाला | पुढच्या गुरुवारी, रात्री ११:२५

उशीर झाला, माफी.

पॅडवर सात वायरी सोल्डर करायला दोन तास लागले, त्यात एक पॅड उपटला. नशीब, ग्राउंडचा होता, दुसरीकडून घेतला. सोल्डरसखीताईंचं ऐकून क्लॉक शंभर किलोहर्ट्झवर ठेवला. पहिल्या झटक्यात आयडी आला. त्याआधी एका चांगल्या बोर्डावर करून पाहिलं होतं, म्हणजे वायरींवर संशय राहू नये.

मग आजारी बोर्ड. एसपीएल गप्प झाल्यावर कोअर थांबवला. प्रोग्रॅम काउंटर कुठल्याच कोडात नव्हता, अपवादाच्या फेऱ्यात गरगरत होता. डीडीआरच्या पहिल्या पत्त्यावर बत्तीस बिट सगळे एक लिहिले. वाचले तर दोन बिट शून्य. अकरावा आणि सत्ताविसावा. मी डोकं खाजवत बसलो की दोन कसे. मग उजेड पडला: डीडीआरची बस सोळा बिटांची आहे, बत्तीस बिट दोन हप्त्यांत जातात, आणि २७ वजा १६ म्हणजे ११. एकच तार. डी-११. सगळे पत्ते फिरलो, सगळीकडे तीच तार शून्यावर. दुसऱ्या बोर्डावरही हुबेहूब तेच.

बोर्ड भरणाऱ्यांकडे एक्स-रे आहे. त्यांना नुसतं "बोर्ड चालत नाही" म्हटल्यावर महिनाभर "तुमचं सॉफ्टवेअर बघा" असं उत्तर येत होतं. या वेळी "रॅमखालचा डी-११ चा सोल्डर बॉल बघा" म्हटलं. त्याच संध्याकाळी फोटो आला. डी-११ चा बॉल शेजारच्या ग्राउंडला चिकटलेला, दोन्ही बोर्डांवर. चिप काढून पुन्हा बसवली, दोन्ही बूट झाले.

तिसरा वेगळाच निघाला. लिहिलेलं प्रत्येक वाचनाला निराळं यायचं, कुठली एक तार नाही, सगळीच गडबड. शेवटी रॅमच्या झेडक्यू पिनचा रेझिस्टर मोजला. २४० ओहम हवा, होता २४ किलोओहम. रॅम आपली ताकद त्या रेझिस्टरवरून जोखते, तिला बिचारीला काय कळणार.

साहेबांना एक्स-रेचा फोटो दाखवला. अर्धा मिनिट बघत राहिले. मग म्हणाले, "तो एक्सडीएस मागव. आणि पुढच्या बोर्डवर त्या पिना बसवूनच यायला पाहिजेत." जे-लिंक पुढच्या वर्षी, दुसरा प्रोसेसर आला तर, असंही म्हणाले. पाच वर्षांची अट विसरले बहुतेक, मी आठवण केली नाही.

जुना_खोडरबर | शुक्रवार, सकाळी ६:१०

म्हणजे जेटॅगने शेवटी तेच केलं ज्यासाठी तो जन्मला. सांधा शोधला.

रंकाळ्याचा_विद्यार्थी | शुक्रवार, सकाळी ८:४०

वाचनखूण साठवली. क्यूईएमयूमध्ये ब्रेकपॉइंटवर थांबला काल रात्री!

उंटावरचा_शहाणा | शुक्रवार, सकाळी ९:०५

माझा क्लोन कुणाला हवा आहे का? पेपरवेट म्हणून उत्तम.

तापकीरगल्लीकर | शुक्रवार, सकाळी ९:३०

अभिनंदन! सगळं छान झालं. माझा बोर्ड कधी परत देताय?

भोसरीचा_बोर्डवाला | शुक्रवार, सकाळी ९:४२

व्यक्तिगत निरोप केलाय. त्याला सात वायरी सोल्डर केलेल्या आहेत आणि चॅनेल बी वर आमचा कन्सोल चालू आहे. एक्सडीएस येईपर्यंत राहू द्याल का?